आपल्या कापसाचा हिशेब दादाभाईंनी केला होता. आपण कधी करणार?

काल ४ सप्टेंबर. दादाभाई नौरोजींच्या जन्माला २०० वर्षं झाली. मूर्तिजापुरात चौकाचौकात गणपतीचे मंडप आहेत, मंडपावर झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो आहेत, पण या म्हाताऱ्याचं नाव मला कुठे दिसलं नाही. बॅनर लागला नाही याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ज्या पंधरवड्यात त्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच पंधरवड्यात तो आपल्याला आठवला नाही.

पंधरवडा कोणता ते सांगतो. पोळ्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला. आधी सांगितलं, ३० सप्टेंबरपर्यंतच. मग २८ ऑगस्टला तीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस दसऱ्याला फुटतो. डिसेंबरपर्यंत निम्म्याहून जास्त घरातून निघून गेलेला असतो. म्हणजे ज्या तीन महिन्यांत वऱ्हाडातला माणूस विकतो, नेमके तेच तीन महिने दार सताड उघडं. आणि आमच्याकडे चर्चा काय? डीजे किती वाजेपर्यंत वाजवू देतील.

मी २२ वर्षं एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होतो. गाठी मोजणे, वजनं लिहिणे, हुंडेकऱ्याचा हिशेब ठेवणे हेच काम. घरची शेती भाऊ पाहतो, साडेपाच एकर, त्यात यंदा चार एकर पऱ्हाटी. म्हणून हे लिहितोय. अर्थशास्त्री नाही, पण गाठ म्हणजे काय ते मला माहीत आहे.

परवा तालुक्यात या करमाफीच्या विरोधात सभा झाली. नाव कायले घेता, नेते आपलेच आहेत, तळमळीचे आहेत. पण भाषणात त्यांनी आयातीचा आकडा सांगितला आणि पुढे म्हणाले "क्विंटल". मी खाली बसून कपाळावर हात मारला. तो आकडा गाठींचा होता! एक गाठ म्हणजे १७० किलो रुई. आपण विकतो तो सरकीसकट कापूस. त्याच्या एका क्विंटलातून रुई निघते साधारण ३४ किलो. म्हणजे एक गाठ व्हायला आपला पाच क्विंटल कापूस लागतो. नेत्याने आपलं नुकसान स्टेजवरून पाच पटीने कमी करून सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारच्या वकिलालाही एवढं जमलं नसतं.

बरं, यात त्यांचाच दोष नाही. हा धंदाच असा रचलेला आहे की शेतकऱ्याला हिशेब लागू नये. आयात-निर्यात गाठीत मोजतात. रुईचा भाव खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. आणि आपल्याला भाव मिळतो क्विंटलवर, तोही रुईचा नाही, कापसाचा. तीन मापं, तीन भाषा. मधल्या माणसाला तिन्ही येतात, आपल्याला एकच.

आता दादाभाईंकडे येतो, कारण हा माणूस नेमका याच मापांच्या जंगलात शिरला होता.

शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात: 'भारताचे पितामह', 'संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत'. पाठ करा, दोन मार्क घ्या, विसरून जा. खरा माणूस याहून कितीतरी चिवट होता. १८२५ चा जन्म, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेला गेले. ती पेढी अफू आणि दारूच्या व्यापारात होती, ते पटेना म्हणून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. कशाची? कापसाची! अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं, तिकडचा कापूस अडला, आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आपल्या कापसाला तिथे 'उमरा' म्हणत, म्हणजे उमरावतीचा. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्या पडझडीत दादाभाईंची पेढीही अडचणीत आली. म्हणजे भाव कोसळणे म्हणजे काय, हे या माणसाने पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आपल्यापैकी कुणी करत नाही. सरकारचेच छापील तक्ते काढले आणि वाचत बसले. व्यापाराचे तक्ते, प्रांतांचे प्रशासन अहवाल, तुरुंगाच्या खर्चाचे अहवाल. वर्षानुवर्षं. ज्या सरकारविरुद्ध बोलायचं, त्याच्याच आकड्यांनी बोलायचं, म्हणजे खोटं म्हणायची सोय त्याला राहत नाही.

एक गोष्ट समजून घ्या, कारण आजही टीव्हीवर रोज याच गोष्टीत आपल्याला गंडवतात. इंग्रज अधिकारी सांगायचे, हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा जास्त आहे, म्हणजे देश सुखात आहे. ऐकायला बरं वाटतं ना? दादाभाईंनी १८३५ ते १८७२ चे आकडे मांडून विचारलं, थांबा, हे सुख कसं? समजा मी इथून १०० रुपयांचा माल मुंबईला पाठवला. तो तिथे विकून मी परतीचा माल भरला तर तो १०० चा यायला हवा की ११५ चा? भाडं आहे, नफा आहे. धंदा खरा असेल तर पाठवलं त्याहून जास्त परत आलं पाहिजे. इंग्लंडचं तसंच होतं, त्यांची आयात निर्यातीपेक्षा जास्त होती. हिंदुस्थानचं उलटं. १०० पाठवतो आणि १०० सुद्धा परत येत नाहीत. मग उरलेले गेले कुठे? विलायतेतल्या अधिकाऱ्यांचे पगार, त्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज. आणि रेल्वेचं व्याज. आपल्या मूर्तिजापूरवरून नागपूरला जाणारी लाइन, १८६७ ला नागपूरला पोचलेली, ती जीआयपी कंपनीची. त्या कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडीला नफा होवो न होवो, व्याज ठरलेलं, भरायचं इथल्या रयतेने. कापूस त्या गाडीने गेला आणि गाडीचं व्याजही कापूस पिकवणाऱ्यानेच भरलं. नंतर किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने यवतमाळ आणि अचलपूरची लहान लाइन काढली, आपली शकुंतला, तीही कापसासाठीच. तिच्यावर आपण गाणी म्हणतो, फोटो टाकतो. ती कुणाच्या पैशाने कुणासाठी धावली, हे विचारत नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. ही मला सगळ्यात जास्त आवडते. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवलं की सरकारी अहवालातल्या सरासऱ्याच चुकलेल्या आहेत. आपल्या शेजारचा तेव्हाचा मध्य प्रांतही त्यात आला. चूक कशी, तर जिल्ह्यांचे आकडे घ्यायचे, बेरीज करायची, जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. कुठे किती पेरा आहे ते बघायचंच नाही. आपल्या भाषेत सांगतो. समजा एका गावात १०० एकर ओलिताचा कापूस, एकरी १० क्विंटल. दुसऱ्या गावात १००० एकर कोरडवाहू, एकरी ३. साहेब म्हणणार, दहा आणि तीन तेरा, भागिले दोन, साडेसहा क्विंटल, मजा आहे! खरा हिशेब केला तर ११०० एकरात ४००० क्विंटल, म्हणजे एकरी साडेतीनच्या जरासं वर. जवळजवळ निम्मं. ज्यांना पैसेवारी ५० च्या आत की बाहेर यावर दरवर्षी जीव मुठीत धरून बसावं लागतं, त्यांना ही गोष्ट मी जास्त समजावून सांगायची गरज नाही.

असे सगळे दुरुस्त करून त्यांनी उत्पन्न काढलं: माणशी वर्षाला २० रुपये. आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्याचा सरकारी खर्च मांडला. कैद्यावर सरकार जेवढं खर्च करतं तेवढंही राबणाऱ्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे सरकारच्याच कागदातून निघालं. याला म्हणतात बोलणं. एकही शिवी नाही.

ही वही घेऊन तो माणूस थेट त्यांच्या संसदेत गेला. १८८६ ला हरला. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी म्हणाला की इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देणार नाही. १८९२ ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, फक्त ५ मतांनी. नौरोजी हे नाव जिभेला जड म्हणून तिकडच्या लोकांनी 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे काठावरचं बहुमत, असं नाव पाडलं. तीन वर्षांत पुन्हा हरले. पण १८९५ ला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला, त्यात ते सदस्य होते, आणि सदस्य असून साक्षीलाही बसले. १८९७ ला त्याच आयोगापुढे गोखल्यांनी साक्ष दिली, त्यांची तयारी न्यायमूर्ती रानड्यांनी आणि सरकारी शाळेतले एक शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतली होती. हे जोशी मास्तर म्हणजे आकड्यांचा राक्षस. नोकरी सांभाळून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहायचे. एका शाळामास्तराची आकडेमोड लंडनच्या आयोगापुढे गेली! त्याच वर्षी, १८९७ च्या डिसेंबरात, काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं. म्हणजे वऱ्हाडाला हे वारं लागलेलं नव्हतं असं नाही.

आता काही जण कॉमेंटमध्ये लिहिणार, इंग्रजांनी ४५ ट्रिलियन डॉलर लुटले, त्यांच्याकडून वसूल करा. तो आकडा रोज फॉरवर्ड करणाऱ्याला मी एकच विचारतो, भाऊ, तो कसा काढला सांगता का? व्याज किती टक्क्याने धरलं? कोणत्या सालापासून? सांगता येत नाही. मग तो आकडा तुमचा नाही, तो फक्त तुमच्या मोबाइलचा आहे. दादाभाईंच्या आकड्यांवरही तेव्हा वाद झाले आणि नंतरच्या अभ्यासकांनीही त्यात दुरुस्त्या सुचवल्या. सुचवता आल्या, कारण त्यांनी पायरी-पायरीने हिशेब मांडून ठेवला होता. आणि त्यांना देव करायचीही गरज नाही. इंग्रजाला हिशेब दाखवला की तो लाजेल, या भाबड्या विश्वासात त्यांनी उमेदीची कितीतरी वर्षं घातली. स्वराज्य हा शब्द काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून उच्चारला तो १९०६ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी.

पुन्हा आपल्या कापसावर. इतिहास इथे जसाच्या तसा लागू होत नाही, हेही कबूल करतो. तेव्हा भांडण कापडाचं होतं. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ ला इथला कापडावरचा आयात कर उठवला. १८९४ ला तिजोरीत खडखडाट झाला म्हणून पुन्हा लावला, तर सोबत इथल्या गिरण्यांच्या सुतावरही कर बसवला, की लँकेशायरला त्रास नको. १८९६ ला इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर लागला, तो १९२५ पर्यंत छळत राहिला. तेव्हा मुंबईचा गिरणीवाला मार खात होता. आज त्याच गिरणीवाल्यांच्या वारसांच्या मागणीवरून मार आपल्याला बसतोय. माणसं बदलली, जागा बदलल्या, पण एका कागदाने कुणाच्या खिशातून काढून कुणाच्या खिशात घालायचं, ते तंत्र तेच आहे.

गिरणीवाल्यांची बाजूही खोटी नाही. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, तिरुपूरकडे ऑर्डरी थांबल्या, तिथल्या बाया-बापड्यांच्या रोजीचा प्रश्न आहे. मान्य. त्यांना मदत करा. पण ती तिजोरीतून करा ना! ट्रम्पने मारलेली काठी वऱ्हाडच्या पाठीवर का?

किती लागते ही काठी, बघू. समजा रुई ५५ हजार रुपये खंडी आहे. त्याचे ११ टक्के ६,०५०. भागिले ३५६, किलोला १७ रुपये. क्विंटलभर कापसात ३४ किलो रुई, म्हणजे ५७८ रुपये. हे सगळेच्या सगळे आपल्या भावातून जातील असं मी म्हणत नाही. बाहेरून किती येतो, सरकी काय भावाने जाते, यावर ते अवलंबून आहे. पण वरची मर्यादा एवढी आहे. भावाच्या चार एकरात चांगलं पिकलं तर २० क्विंटल. त्याचे होतात साडेअकरा हजार. तेवढ्यात त्याच्या पोराची वर्षाची फी आणि बसचा पास निघतो.

"पण हमीभाव आहे ना, ८,११०?" हा प्रश्न मला माझ्याच मेहुण्याने विचारला, तो पुण्यात असतो. आहे बाप्पा, २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याला ८,११०, मध्यमला ७,७१० ठरला. पण कधी? सीसीआयचं केंद्र उघडलं तर, ॲपवर नोंदणी झाली तर, आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या आत असला तर. ८ च्या वर गेला की कपात सुरू. दसऱ्याचा पहिला वेचा परतीच्या पावसात भिजलेला असतो, हे दिल्लीला माहीत नसेल, अकोल्याला तर माहीत आहे? तो वेचा कुठे जातो, तर खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत. कारण दिवाळी आहे, वेचणीची मजुरी रोखीत द्यायची आहे, आणि कृषी केंद्राची उधारी वर्षभर थांबलेली आहे. हमीभाव ही थांबू शकणाऱ्या माणसाची सोय आहे.

गाडगेबाबा आपल्याच तालुक्यात, दापुऱ्याला, मामाच्या घरी वाढले. त्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, ती कागदाच्या जोरावर. आज दापुऱ्यात पोरं ग्रॅज्युएट आहेत, हातात फोरजी आहे. कागद मात्र अजून दुसराच कोणीतरी वाचतो.

आणि वाचायला आता लंडनला जावं लागत नाही. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर आयात-निर्यातीचा तक्ता फुकट आहे. त्यात ५२०१ हा कोड टाका, म्हणजे रुई. देशवार येतं, महिनावार येतं, वजन येतं, किंमत येते. किमतीला वजनाने भागा, बाहेरचा कापूस बंदरावर किलोला किती रुपयांना उतरला ते निघतं. त्याला ३४ ने गुणा. सरकी सोडून तो आपल्या क्विंटलला काय भाव पडला ते समजतं. आठवीच्या पोराचं गणित आहे. मागच्या आठवड्यात मी हे पुतणीकडून करून घेतलं, तिला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा साइट उघडायला.

मी खासदारांना पत्र लिहितोय, हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारा म्हणून. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात करमाफीने किती गाठी आल्या, कोणत्या देशातून आल्या, सरासरी काय दराने उतरल्या. सरासरी काढताना वजनाप्रमाणे काढावी, हेही लिहिलंय, नाहीतर साहेबांची जुनी सवय. किती कर बुडाला आणि तो कोणाला मिळाला. आणि याच काळात अकोला, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांत हमीभावाच्या खाली किती कापूस विकला गेला, बाजार समितीनिहाय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही, कारण खेडा खरेदीची नोंदच नसते. ती आपल्यालाच ठेवावी लागेल.

म्हणून एवढंच करा. यंदा कापूस विकाल तेव्हा तारीख, वजन, भाव, कट्टी किती कापली, पैसे रोख की उधार, हे पावतीसकट लिहून ठेवा. पावती दिली नाही तर 'पावती दिली नाही' असं लिहा. व्यापाऱ्याचं नाव लिहायची गरज नाही. मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, दर्यापूर, कारंजा, कोणत्याही गावचे असाल तरी चालेल. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर रजिस्टर घेऊन बसतो. सभेतल्या त्या नेत्यांनाही बोलावलं आहे, ते येतो म्हणाले.